शून्य लोकसंख्येच्या गावातून

मु. शिंगाडटोला, ता. लाखांदूर, जि. भंडारा
(हे गाव आहे. हे वेगळं काहून लिहावं लागलं ते पुढं समजेल.)
१२ ऑगस्ट

तीर्थरूप कुसुमताईले धाकट्या गोपीचंदचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? साकोलीच्या डॉक्टरनं सांगितलेला पट्टा तू बांधून राहिली का खुंटीले टांगून ठेवला? भाऊजीची शुगर काय म्हणते? मागं तू म्हणाली होती का ते चहा बिनसाखरेचा पितात अन् संग दोन बालुशाह्या खातात. त्याहीले माझा नमस्कार सांग अन् बालुशाही लपवून ठेव. इकडं धानाचे रोवणे आटपत आले, तलावात पाणी औंदा बरं आहे, आम्ही तिघंही मजेत आहो. मजेत आहो असं रिवाजानं लिहिलं, पण ताई, आम्ही आहो का नाही याचाच घोळ होऊन बसला आहे. आठ दिवसांपासून मी असा हादरलो आहो का भाताचा घास तोंडापाशी नेतो अन् हाताकडंच पाहत राहतो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधातच हसते, अन् ही गोष्ट हसण्याची नाही.

तू आणलेलं साकोलीचं स्थळ, तेजरामजीचा भूपेंद्र, ते लोक आपल्या ज्योत्सनाले पाहून गेले हे तुले माहीतच आहे. (तूच संग होती. पोह्यात मीठ जास्त झालं असं तूच सगळ्याइसमोर म्हणाली होती, तुझी भावजय अजून विसरली नाही.) पोरगी त्याहीले पसंत, पोरगा आम्हाले पसंत, पोराचं पोरीचं फोनवर बोलणंही सुरू. अन् मागच्या मंगळवारी तेजरामजीचा फोन आला. आवाज असा कोरडा का मले वाटलं कोणी गेलं. म्हणे, गोपीचंदजी, तुम्ही आम्हाले कोणत्या गावात नेलं होतं? झालं असं का त्याहीची मोठी सून रंजिता मोबाईलवर आपल्या गावाची माहिती पाहत होती. तो ज्ञानकोश आहे ना, ज्याच्यात कोणीही लिहू शकते अन् कोणीही दुरुस्त करू शकते, त्याच्यात शिंगाडटोल्याचं पान आहे. त्या पानावर लिहिलं होतं : लोकसंख्या, शून्य.

शून्य, ताई! पाच नाही, पन्नास नाही. मी पाराजवळ उभा होतो, आजूबाजूले अकरा माणसं, चार म्हशी अन् देवाजीचा रेडिओ, अन् माझ्या हातात शून्य. देवाजीले दाखवलं तर तो डोळे फाडून म्हणे, मंग मतदानाच्या टाइमाले हे लोक येतात कायले? घरी येऊन तुझ्या भावजयीले सांगितलं. ती चुलीपासून उठलीच नाही. म्हणे, मंग सकाळपासून मी दीड किलो तांदूळ कोणाच्या नावानं शिजवून राहिली?

पण तेजरामजीचं म्हणणं साधं होतं. त्याहीच्या मोठ्या पोरीच्या वेळेस त्याहीले एकदा दुसऱ्याचंच घर अन् दुसऱ्याचीच शेती दाखवून फसवलं होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस. म्हणे, मले तुमच्यावर शक नाही, पण घरातल्या बाया कुजबुज करून राहिल्या. रविवारपर्यंत त्या पानावर खरा आकडा दिसू द्या, मंग साक्षगंधाचं बोलू. म्हणजे पाहा, माझ्या पोरीची सोयरीक एका आकड्यावर अडकली, अन् तो आकडा कोणी लिहिला ते देवालेही ठाऊक नाही.

मी ज्योत्सनाकडून खातं उघडून घेतलं अन् स्वतः शून्य खोडलं. आकडा काही पाठ नव्हता, म्हणून त्या जागी लिहिलं, 'भरपूर'. आंघोळ करून आलो तर पुन्हा शून्य! ज्ञानकोशात पहारा देणारा कोणी 'निळपाखरू' नावाचा माणूस आहे (का बाई आहे, मले आजपर्यंत समजलं नाही), त्यानं खाली लिहिलं होतं का कृपया आकडा द्यावा व संदर्भ द्यावा. भाषा इतकी सभ्य का रागावता येईना. मी लिहिलं का संदर्भ मी स्वतः, गोपीचंद, बावन वर्षांपासून इथंच राहतो. उत्तर आलं का आपल्या भावनांचा आदर आहे, परंतु व्यक्तिगत अनुभव हा संदर्भ धरला जात नाही. बावन वर्षं, ताई! हातच्या काकणाले आरसा कायले, म्हणते आपण. पण इथं आरसाच पाहिजे, काकण नसलं तरी चालते. मंग मी ग्रामपंचायतीपुढं पन्नास जणाइले उभं करून फोटो टाकला. त्यावर उत्तर आलं का छायाचित्र सुंदर आहे, पण त्यावरून लोकसंख्या ठरवता येत नाही, शिवाय उजवीकडून तिसरी शेळी आहे.

मंग माझं डोकं फिरलं. तुले माहीत आहे, बावीस वर्षांपासून मी मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी आहो. मासोळीचा बीजवाला गाडी घेऊन येते तेव्हा जिऱ्याएवढे लाखभर पिल्लं कोणी एकएक करून मोजते का? चहाची गाळणी भरायची, तिच्यातले पिल्लं मोजायचे, अन् किती गाळण्या पडल्या त्यानं गुणायचं. आजवर आपल्या सोसायटीचा हिशोब कधी चुकला नाही. मी म्हटलं, माशाले चालते ते माणसाले काहून नाही चालणार? गावात गल्ल्या अकरा. एक गल्ली मोजायची, अकरानं गुणायचं. सरपंच शकुंतलाबाईनं मान हलवली, सोसायटीतला धनराज आपला डोंगा काठाले बांधून मोजाले आला, अन् आम्ही नत्थूची गल्ली धरली. माणसं निघाली तीनशे अठ्ठ्याण्णव. गुणिले अकरा, चार हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर.

आता तू विचारशील का नत्थूच्या गल्लीत चारशे माणसं आली कुठून. त्या दिवशी नत्थूच्या नातवाचं बारसं होतं. सुनेचं माहेर बपेऱ्याचं, तिकडून तीन टेम्पो भरून सोयरे आले होते, अन् अर्धा गाव पंगतीले बसला होता. मले माहीत नव्हतं असं नाही, मी स्वतः तिथंच जेवून मोजाले उठलो होतो. पण सवय म्हणजे सवय. गाळणीत आलेल्या पिल्लाले तू घरचं का पाहुणं, असं सोसायटी कधी विचारत नाही. मी आकडा टाकला अन् संदर्भाच्या जागी लिहिलं, 'मच्छीमार सोसायटी, गाळणी पद्धत, सेक्रेटरीच्या सहीनिशी'.

अन् धक्का ऐक. तो आकडा टिकला! 'मी राहतो' हे खरं घंटाभर टिकलं नाही, अन् हे गाळणीतलं पीक दीड दिवस ताठ उभं राहिलं. शकुंतलाबाई तर हरखून गेल्या, चार हजारात आपल्याले मोठा दवाखाना मागता येते म्हणे. मी मिशीले पीळ देत बसलो होतो. तेवढ्यात तेजरामजीचा फोन. म्हणे, परवा शून्य अन् आज साडेचार हजाराच्या घरात, तुमच्या गावात माणसं येतात कुठून अन् जातात कुठं? जे गाव आपला आकडा असा सांगते, ते पोरीचं वय काय खरं सांगेल?

ताई, ते शब्द मले काट्यासारखे लागले. पोरीचं वय! मले इतकी लाज वाटली का मी त्याच फोनवर सगळं कबूल करून टाकलं, गाळणी, बारसं, तीन टेम्पो, माझं जेवणं, सगळं. मले वाटलं झालं, सोयरीक बुडाली. मंग तेजरामजीनं हळूच विचारलं, गाळणी काठावर बुडवली होती का मधात? (माणूस आपल्याच धंद्यातला, म्हणून वाचलो.) म्हणे, आकडा लहान असला तरी चालेल, पण खरा लावा. मी लगेच माझ्याच हातानं ते चार हजार खोडलं अन् निळपाखराले लिहिलं का बाप्पा, मी चुकलो, माझ्या पोरीच्या लग्नाचा सवाल आहे, तूच काही रस्ता दाखव.

अन् त्यानं दाखवला! न पाहिलेल्या, न जेवू घातलेल्या माणसानं तीन दिवस सरकारी तक्ते चाळले अन् घोळ शोधून काढला. तुले आठवते का, तलावाच्या पल्याड जुनी रिठी आहे, जिथं पूर्वी वस्ती होती अन् आता नुसता मोहा अन् तरोटा आहे? सरकारी कागदात तिचं नावही शिंगाडटोलाच आहे. २०११ च्या जनगणनेत दोन ओळी आहेत, एक रिठीची, शून्य, अन् तिच्या खालीच आपली, एक हजार एकशे सत्तावीस. पान लिहिणाऱ्यानं वरची ओळ उचलली. आम्ही इथं रोज स्वयंपाक करून राहिलो अन् दुनिया आम्हाले त्या मोह्याच्या झाडाखाली शोधून राहिली.

शनिवारी आकडा लागला : १,१२७, वर्ष २०११, संदर्भासहित. आता गाव माझ्यावर उलटलं आहे. देवाजी पारावर सांगत फिरते का गोपीचंदनं एका बोटानं तीन हजार दोनशे एक्कावन माणसं मारली. मारली तर मारली. तेजरामजीनं आकडा पाहिला, सुनेले दाखवला, अन् हो म्हटलं. साक्षगंध पुढच्या महिन्यात, अन् लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच डिसेंबरात करू म्हणतात. तुझ्या भावजयीनं गूळ वाटला. तुझे उपकार मी कसे फेडू?

भाऊजीले नमस्कार, लेकराइले आशीर्वाद.

तुझा,
गोपीचंद

ता. क. मोहरीच्या तेलाची बाटली धनराजसंग पाठवून राहिलो, गुडघ्याले लाव. भाऊजीले भज्यात टाकू देऊ नको.

ता. क. २. पत्र खरं म्हणजे इथून सुरू होते. तेजरामजी तुझं ऐकतात. त्याहीले सांग का लग्न डिसेंबरात नको, एप्रिलात धरा. ते म्हणतील, एप्रिलात वऱ्हाड भाजून निघेल. तर सांग का गोपीचंद मांडवात बारा कूलर लावते, मठ्ठा पाजते, पाहिजे तर पाहुण्याइले तलावात बसवते. तुळशीनंतर सोसायटीची मासेमारी असते असं कारण सांग. (मासेमारी मार्चात असते. तेजरामजीले हे माहीत असेल. दुसरं काही सुचलं तर ते सांग.)

ता. क. ३. तुले खोटं सांगून चालणार नाही. निळपाखरानं तो तक्ता पाठवला तेव्हा मी त्या ११२७ कडे खूप वेळ पाहत बसलो. त्याच्यात आपली माय आहे, ताई. जाऊन बारा वर्षं झाली, पण तिथं ती अजून मोजलेली आहे, तिले कोणी खोडलं नाही. अन् शाळेतले गुरुजी सांगत होते का नवी जनगणना पुढच्या फेब्रुवारीत आहे. डिसेंबरात लग्न झालं तर ज्योत्सना साकोलीत मोजली जाईल. खरा आकडा तोच, मले समजते, चार दिवस मी खऱ्या आकड्यासाठीच सगळ्याइशी भांडलो. पण मोजणीवाली बाई आपल्या दारावर येईल, घरात माणसं किती म्हणून विचारेल, अन् मले आणखी एकदा 'तीन' म्हणायचं आहे.