फ्रीजरच्या पत्र्यात उतरलेली वीज

आई, मागच्या शेडमधल्या मासळीच्या फ्रीजरच्या पत्र्यात वीज उतरते, हे आज सकाळी पक्कं झालं. तलासरीहून आलेल्या वायरमनने तपासून सांगितलं. वहिनी महिनाभर हेच म्हणत होती. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून झाकण उघडलं की तिच्या हाताला झिणझिण्या येत. दादा म्हणायचा, "बर्फात हात घातल्यावर दुसरं काय होणार?" शेजारीण म्हणाली, "तरीच तुमची गिऱ्हाइकं भाव ऐकायच्या आधी उडतात." सगळं हसण्यावारी गेलं. परवा वहिनीचा हात झाकणाला क्षणभर चिकटला, तेव्हा तिने मला फोन केला. पेपरात वाचकांच्या विजेबद्दलच्या प्रश्नांना मी उत्तरं लिहिते, म्हणजे मला त्यातलं कळत असणार, असं तिने धरलं. वायरमन घेऊन मी चिखल्याला घरी आले.

त्याने एका बल्बच्या दोन वायरी आधी फेज आणि न्यूट्रलला लावल्या. बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलची वायर काढून अर्थिंगला लावली, तर आतली तार नुसती लालसर झाली. तो दादाला म्हणाला, "काका, अर्थिंग नावालाच आहे. पाईप पुरताना मीठ-कोळसा घातलेला?"

दादा चिडला. "समोर आख्खा दर्या खारट, त्यात मी किराण्याचं मीठ आणून टाकू?" आपल्या किनाऱ्यावर बहुतेकांनी असाच कोरडा पाईप ठोकलेला आहे.

"मीठ दर्यात आहे, काका. तुमचा पाईप रेतीत आहे. उन्हाळ्यात या रेतीत चणे भाजतील, करंट जायचा नाही."

कॉम्प्रेसरच्या वायरीचं वेष्टण खाऱ्या हवेने झिजलं होतं. तिथून वीज पत्र्यात येत होती, आणि तिला जमिनीत जायला धड वाट नव्हती. वहिनी म्हणाली, "विजेला दोन तारा लागतात ना? मी तर एकच पत्रा धरला. दुसरी तार कुठली?"

हा प्रश्न तुझा आहे, आई, माझ्या शाळेच्या दिवसांतला. तू चुलीपुढे पाटावर बसली आहेस, उजवा हात डाव्या काखेत दाबून धरलेला. बल्ब बदलताना होल्डरने झटका दिलाय. मी रडकुंडीला आलेय आणि तू विचारते आहेस, "एकाच तारेला हात लागला गं, मग दुसरी कुठून आली?" मी शाळेत शिकलेलं सांगितलं: ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीतच पुरलेला असतो, म्हणून अनवाणी माणसाच्या पायाखालची जमीन हीच दुसरी तार. खांबावरच्या कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, जमिनीला लागत नाहीत, म्हणून तो वाचतो. तुझं समाधान झालं नाही. ही वीज सेकंदाला पन्नासदा पुढेमागे होते, हे कळल्यावर तर तू मला धारेवरच धरलंस. "पुढेमागेच करते, तर घरी पोचते कधी?" मी म्हटलं, होडीची फळी कापताना दोघं करवत ओढतात ना? करवत कुठेच जात नाही, फळी कापली जाते. तू म्हणालीस, "म्हणजे बिल फळीचं. बरं, ओढणाऱ्यांचं जेवण त्यातच धरलंय ना?"

वाचक आजही हेच विचारतात आणि मी करवतीचंच उत्तर देते. वहिनीलाही तेच दिलं. तिने ऐकून घेतलं आणि फ्रीजरची पिन उपटून काढली. दादा म्हणाला, "अगं, उद्या डहाणूच्या बाजारासाठी ठेवलेला माल आहे." ती म्हणाली, "माल परत मिळेल." पापलेटं दादानेच शेजारणीच्या बर्फात नेऊन ठेवली.

उद्या वायरमन नवा पाईप आणणार आहे. मासे धुतलेलं पाणी जिथे मुरतं, त्या मोरीपलीकडच्या ओलीत खड्डा खणून मीठ-कोळसा घालील. कॉम्प्रेसरची वायर बदलेल आणि पुन्हा बल्ब लावून बघेल. तो लख्ख पेटला की गळती झाल्यावर आपोआप पडणारा स्विच बसवेल, आणि फ्रीजर चालू होईल. झाकणाला पहिला हात मी लावायचा, असं वहिनीने ठरवलंय. "तू लिहितेस ना सगळं? मग आधी तू." मी हो म्हटलं. तू गेलीस, हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुला सांगते. मला भीती वाटते आहे.