समोरच्या दारातला पाचचा दिवा

मी, अच्युत गंगाधर मेहेंदळे, वय अठ्ठावन्न, धंदा वृत्तपत्रलेखन, राहणार डुलुथ, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे चित्त स्थिर आहे. डॉक्टरांच्या मते हृदयही बऱ्यापैकी स्थिर आहे. मजवर कोणाचा दबाव नाही. राग आहे, परंतु रागावलेला माणूस शुद्धीवर नसतो असे कायदा म्हणत नाही. पूर्वीच्या मृत्युपत्रात मी समोर राहणारे श्री. गॉर्डन लाहती यांना व्यवस्थापक नेमले होते. ते मृत्युपत्र आणि ती नेमणूक, दोन्ही रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी कन्या ईरा, मुक्काम टोरांटो, हिला मिळावी. तळघरातील घर तापवायची भट्टी लाथ मारल्याखेरीज पेटत नाही, हे घर विकताना गिऱ्हाइकाला सांगावे की नाही, ते मी तिच्या सद्सद्विवेकावर सोपवतो.

२. संस्कृत ग्रंथ विद्यापीठाने न्यावेत. आयुष्य सुधारण्याविषयीची पुस्तके चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत द्यावीत. आणली तिथूनच होती. बऱ्याच पुस्तकांत तिसऱ्या प्रकरणापुढची पाने अजून कोरी करकरीत आहेत, तेव्हा किंमत बरी यावी.

३. श्री. लाहती यांना काय द्यावे, हे ठरवण्यापूर्वी पुढील हकीकत नोंदवणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी माझी पत्नी सुनंदा गेली, त्या हिवाळ्यात मी अंथरुणातून उठेनासा झालो. लेख वेळेवर जाईनात. एके दिवशी श्री. लाहती माझ्या दारातला बर्फ यंत्राने काढत होते. मी दार उघडले तसे त्यांनी यंत्र बंद केले. माझे संस्कृत ग्रंथ पाहिल्यापासून ते मला प्रोफेसर म्हणत.

"प्रोफेसर, उठतोस किती वाजता?"

"उठावंसं वाटेल तेव्हा."

"म्हणजे एप्रिलात. हे बघ, इच्छाशक्ती वगैरे विसर. पद्धत लाव. मी रोज पाचला उठून दारातला दिवा लावीन. तो दिसला की तू तुझा लावायचा. भेटायचं नाही, बोलायचं नाही. एकानं दगा दिला की दुसऱ्याला लगेच कळेल."

मी उठू लागलो. पाणी, मग दंड, मग पाठांतर, मग लेखन, अशी एकामागे एक माळ लागली. ताप असतानाही उठलो, कारण समोर एक निवृत्त प्लंबर दुखऱ्या गुडघ्यानिशी माझ्यासाठी उठलेला असे. चर्चच्या जेवणात मी त्यांना चारचौघांत तपस्वी म्हणालो. त्यांनी मान खाली घातली. मला तो विनय वाटला.

गेल्या नोव्हेंबरात लाहती दांपत्य ॲरिझोनात मुलीकडे गेले. शनिवारी परततो म्हणाले होते; ते दिवस मीही टोरांटोला ईराकडे होतो आणि शनिवारीच परतलो. त्याच रात्री, दर हिवाळ्याच्या सरकारी नियमाप्रमाणे, घड्याळे एक तास मागे गेली. रविवारी समोरचा दिवा चारला लागला. सोमवारीही चारलाच. म्हातारा पुढच्या पायरीवर गेला, असे मी समजलो आणि इरेला पेटून चारला उठू लागलो. दुपारी संपादकांसमोर डुलक्या घेतल्या. अखेर अभिनंदन करावे म्हणून सूपचे भांडे घेऊन त्यांच्या दारी गेलो. पायऱ्यांवर बर्फ तसाच, टपालपेटी ओसंडलेली, घरात कोणी नाही. दिव्याच्या सॉकेटमध्ये एक टायमर टिकटिकत होता. मुलीने त्यांना आग्रहाने ठेवून घेतले होते, हे मागाहून कळले. आणि ॲरिझोनात घड्याळे बदलत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या कोणा शेजाऱ्याकडून टायमरही तासभर मागे करून घ्यावा, हे त्यांना सुचलेच नाही.

ते परतल्यावर मी विचारले, "टायमर कधी बसवलास?"

"पहिल्याच महिन्यात. गुडघा धरला होता रे."

"म्हणजे इतकी वर्षं?"

"पण तू उठलास ना? माणसापेक्षा पद्धत भरवशाची, हेच तर मी सांगत होतो."

"गॉर्डी, तू उठलायस म्हणून मी उठत होतो."

ते दारातल्या दिव्यापाशी गेले. मग टायमर उपटून माझ्यादेखत कचऱ्यात टाकला. "उद्यापासून हातानं लावतो. शब्द देतो."

तेव्हापासून दिवा कधी पाच वाजून दहा मिनिटांनी लागतो, कधी पाचच्या दहा मिनिटे आधीच. एकदा लागून विझला आणि पुन्हा लागला. या अनियमितपणावर मी विश्वास ठेवला. अशा चुका यंत्राच्या नव्हेत, झोपेतून उठलेल्या माणसाच्या. म्हणून,

४. माझी होडी व गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपटी, आतील स्टोव्हसह, श्री. गॉर्डन लाहती यांना अर्ध्या क्षमेदाखल मिळावी. उरलेली अर्धी विचाराधीन आहे.

५. येथवर काल लिहिले. आज पहाटे समोरचा दिवा लागताच, कलम चार त्यांना स्वतः वाचून दाखवावे म्हणून कागद घेऊन तडक रस्ता ओलांडला. दारात सौ. मार्लिस लाहती उभ्या होत्या, अंगात झगा, हात अजून बटनावर.

"गॉर्डी कुठाय?"

"झोपलाय. आठच्या आत उठतो होय तो?"

"मग दिवा?"

"मीच लावते. त्यानं टायमर फेकला त्या दिवसापासून. प्रोफेसरला कळू देऊ नकोस म्हणाला." त्या बाजूला सरल्या. "आत ये, गारठशील. मला आता सवयच झालीय बघ. तुझा दिवा लागल्याशिवाय मी कॉफीसुद्धा ठेवत नाही. परवा तुला उशीर झाला, तर मी खिडकीशीच उभी."

मी आत गेलो नाही.

सबब कलम चारमधील 'श्री. गॉर्डन' खोडले असून तेथे 'सौ. मार्लिस' वाचावे, 'अर्ध्या क्षमेदाखल' व त्यापुढील वाक्य वगळावे.

६. माझ्या दारातला दिवा ज्या पहाटे प्रथमच लागणार नाही, त्या पहाटे श्री. लाहती यांना कोणीही उठवू नये. त्यांची झोपमोड होऊ नये, अशी माझी स्पष्ट इच्छा आहे.

वरील मजकूर मी वाचला. तो मला मान्य आहे. खोडाखोड माझीच आहे.

(सही) अच्युत गंगाधर मेहेंदळे

आमच्यासमक्ष सही झाली:
(सही) कॅरल नूरमी, संपादक
(सही) वेंडेल स्टेनरूड, ग्रंथपाल

डुलुथ, दि. १९ जानेवारी, सकाळी दहा