मूळव्याध नव्हे

प्रिय बंधो,

तू फोन उचलत नाहीस, हाकेला ओ देत नाहीस, म्हणून लिहितो. शिवाय विषय मोठ्याने बोलण्यासारखा नाही. पोरांचे कान टवकारलेले असतात. उभ्याने लिहितो आहे, दोन ओळी झाल्या की खिडकीपर्यंत जाऊन येतो. अक्षर वाकडे आले तर चालवून घे.

मागच्या वर्षी मी प्रत्येक बैठकीला उभा राहत असे. तू सर्वांसमक्ष मला 'पहारेकरी' म्हणालास. सगळे हसले, मीही हसलो. खरे कारण असे, की बसण्याच्या जागेपाशी एक गाठ आली होती आणि ती अखंड ठणकत होती. आपल्या घरात त्या भागाच्या कोणत्याही दुखण्याला एकच सभ्य शब्द आहे: मूळव्याध. वडिलांनी तोच वापरला, काकांनीही. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासायला पडदा ओढला, तेव्हा मी म्हणालो, त्याची गरज नाही, आमच्याकडे ही घराणेशाहीच आहे. ते हसले आणि मलम लिहून दिले.

मलमाने काय होणार? ते पू साठलेले गळू होते. एके दिवशी आपोआप फुटले आणि इतके हलके वाटले, की तुझ्या वहिनीला सिनेमाला घेऊन गेलो. पुढे मात्र कपड्यांना डाग पडू लागले. जखम मिटे, पुन्हा वाहू लागे. अखेर तुझी वहिनीच मला शल्यविशारद बाईंकडे ओढत घेऊन गेली.

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बोटाने तपासले, एमआरआय करवला आणि मग कागदावर दोन ठिपके काढून जोडले. एक तोंड बाहेर कातडीवर, दुसरे आत गुदमार्गात, मधे बोगदा. हेच भगंदर. बोगदा सरसकट उघडावा, तर शौच रोखून धरणारा स्नायू कापला जाण्याचा धोका. म्हणून तूर्त त्यातून सैल दोरा ओवला आहे, म्हणजे पू कोंडत नाही. मी घाई केली तेव्हा बाई म्हणाल्या, काका, तो स्नायू गेला तर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. मोठी शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. रोज कोमट पाण्याच्या टबात बसतो. तुझी वहिनी म्हणते, निघाले महाराज जलविहाराला! ताबा गेला तर काय, ही भीती मात्र मी तिच्यापाशीही बोललेलो नाही.

आज सकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. तू ओट्याशी उभ्याने जेवतोस, पालथा झोपतोस, आणि विचारले तर 'पाठ धरली आहे' म्हणून तिच्यावर खेकसतोस. अरे, पाठ धरल्याने हुडहुडी भरून ताप येत नाही! तुला मधुमेह आहे. मी लगेच बाईंना फोन केला, त्यांनी बजावले, अशा माणसात गळवाचा पू झपाट्याने पसरतो. नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, भूल देऊन चिरा द्यावा लागेल, आजच्या आज आणा. म्हणून मी तुझ्याच घरात, तुझ्या खोलीच्या बंद दाराबाहेर, चपलांच्या कपाटावर कागद ठेवून हे लिहितो आहे. गाडी खाली आली. पत्र दाराखालून सरकवतो. कडी काढ. तुला काय होते ते बाईंना मी सांगेन. तुला एक शब्दही उच्चारावा लागणार नाही, त्या तपासतील तेव्हा फक्त डाव्या कुशीवर वळायचे आहे.

तुझाच, दाराशी ताटकळलेला,
दादा