सहा नंबरचे पिवळे बूट

१२ जानेवारी २००३

सातच्या खाली नंबरच नाही! फाउंड्रीच्या स्टोअरमधला माणूस निशाला म्हणाला, "मॅडम, हितं बायका येतील असं कंपनीला कुठं वाटलंतं?" आणि हसला म्हणे. मला सांगताना ती पण हसत होती. मला नाही हसू आलं.

पोरीनं चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. वर्गात दुसरी आली. शिरोलीच्या फाउंड्रीत ट्रेनी म्हणून घेतली – आणि पायात सेफ्टीचे बूट नाहीत म्हणून ऑफिसात बसवून ठेवलीय. बुटाशिवाय शॉपवर, म्हणजे भट्टी आणि साचे असतात तिथं, पाऊल टाकायचं नाही. नियम! जूनअखेरीस ठरणार, शॉपवर कायम करायची की ऑफिसात कागद चाळायला ठेवायची. शॉपवर उभीच राहिली नाही तर ठरवणार काय?

१९ जानेवारी

मिळाले! जयसिंगपूरच्या बाजारात परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग असतो, त्याच्या तळाला. पोटरीच्या निम्म्यापर्यंत उंच, नाड्या नाहीत, घोट्यापाशी एक बक्कल, वर एक. बोटांवर आतून लोखंडी वाटी. कुणा गोऱ्या पुरुषाचे असणार. सहा नंबर. निशाला पाच लागतो.

"दोन मोजे घालते की! आणि आई, ह्याला इंजिनिअर बूटच म्हणतात. मग कुणाचे असणार सांग?"

अडचण एकच – रंग. हळदीसारखे पिवळे आहेत. शॉपवर काळेच चालतात. फोरमन उमरभाईंनी तिला सांगितलंय, "काळं करून आण, मग मी बघतो साहेबाकडं."

पुढच्या रविवारी करू म्हटलं. कातड्याला रंग लावायचा, त्यात काय एवढं!

२६ जानेवारी

शाळेतलं झेंडावंदन उरकून आले ती थेट गच्चीवर. बुटांना कालच तेल देऊन ठेवलं होतं. नवी चप्पल आणली की आपल्याकडे आधी तेलच देतात, लहानपणापासून तेच पाहिलंय. शेंगतेल, दोन हात. रात्रीत कातडं काय मऊ झालं! मला फार बरं वाटलं होतं.

मग चप्पल लाईनमधून आणलेला काळा रंग लावायला घेतला. धरेना. थेंब थेंब होऊन घरंगळला. जिथं धरला तिथं हिरवट डाग. खरूज झालेल्या जनावरासारखे दिसतायत.

निशानं बूट सावलीत सरकवले आणि खाली गेली. बोलली असती तर बरं.

२८ जानेवारी

पलीकडच्या गल्लीत मीरासाबचाचा आहेत. पूर्वी टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे. टांगे गेले, आता पट्टे आणि बॅगांचे बंद शिवतात. बूट पिशवीत घालून नेले. त्यांनी नाकाला लावून वास घेतला.

"तेल पाजलासा व्हय बाई? मग रंग कुठनं पिणार त्यो? प्वॉट भरलंय की त्येचं!"

मी म्हटलं, चपलेला देतो तसंच दिलं.

"चप्पल बाभळीच्या सालीत पिकलेली. ती तेल मागती. ह्यो साहेब हाय. ह्येला वरनं कंपनीचा मुलामा. त्यो काढल्याबिगर आत काय बी जाणार न्हाय."

खडूची पूड चोळून दोन दिवस ठेवायची, ती तेल ओढून घेते. मग थिनरनं पुसायचं. मग रंग, एकावर एक, पातळ हात.

खडू! बावीस वर्षं हातात खडू धरलाय. आज पहिल्यांदा शाळेतून चोरून आणला.

२ फेब्रुवारी

धम्मपालनी गच्चीवर बूट पाहिले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा माणूस कधी ओरडला नाही. आजही नाही. हळूच म्हणाले, "छप्पन साली दीक्षा घेऊन आला त्या दिवसापास्नं माझ्या बापानं ढोर ओढलं नाही. कातड्याला हात लावला नाही. वडगावात कुणी मजुरीला बोलवेना, तरी नाही. आणि तू स्लॅबच्या घरावर कातडं वाळत घालतीस."

"लेकीचे बूट आहेत."

"तिला ऑफिसात बसवतायत ना? मग बसू दे की! मिळालेली खुर्ची कुणी सोडतं का?"

उत्तर होतं माझ्याजवळ. मामंजींनी खुर्चीसाठी सोडलं नव्हतं. कुणी लादलेलं करायचं नाही म्हणून सोडलं होतं. मग पोरीनं काय करायचं ते पोरीला ठरवू द्या की! पण उठले. चटणी वाटली, भाकरी थापली, ताट वाढलं. माझी सगळी उत्तरं या वहीतच.

५ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत इनामदारबाईंनी विचारलं, "अगंबाई, नखं कशानं काळी झाली?" सांगितलं. बुटांना रंग देतेय लेकीच्या.

"हो का? तुम्हाला जमणारच म्हणा ते."

गोड आवाजात. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत.

तो चहा मी संपवला. पूर्ण. आत्तापर्यंत त्याचाच राग येतोय.

९ फेब्रुवारी

काळे झाले! चार हात लागले. फडक्याचा बोळा करून गोल गोल फिरवत, सावलीत वाळवत. पहिल्या हाताला निळसर, दुसऱ्याला मळकट, तिसऱ्याला वाटलं जमतंय. चौथ्यानंतर मेण चोळलं. आता असे काळे आहेत की खाली वाकून पाहिलं तर आपणच दिसतो. वरचं एक बक्कल तुटलं होतं, तिथं मीरासाबचाचांनी एका जुन्या लगामाचं काढून बसवलं. पितळी आहे.

निशानं घातले आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. ठाक ठाक ठाक. धम्मपाल खाली पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

१४ फेब्रुवारी

शॉपवर पहिला दिवस. साहेबांनी बूट बघितले, मान हलवली, झालं. पण तिथली माणसं! "मॅडम, बादलीत पाय घालून आलाय काय?" पोटरीपाशी ढिले आहेत ना. तिची पोटरी केवढीशी, त्यात वर बोट बोट फट.

"हसू देत," म्हणाली. "ढिलेच बरे आहेत."

मला झोंबलं. मागून आणलेले वाटतात. माझ्या लेकीनं दुसऱ्याचं उतरवलेलं घातल्यासारखं दिसायचं नाही. आम्ही घातलं तेवढं पुरे.

१६ फेब्रुवारी

ती मैत्रिणीकडे गेली तेवढ्यात बूट नेले. मीरासाबचाचा म्हणाले, "पोरगी मोटारसायकलवर घालती काय?" हो म्हटलं. फाउंड्री, ट्रेनी, सगळं कोण सांगत बसणार!

त्यांनी दोन सुयांची शिवण शिकवली. एकाच भोकातून एक सुई इकडून, एक तिकडून. दोऱ्याला मेण. "घोडं उधळलं तरी उसवाय न्हाय पायजे," म्हणाले. ब्लाउजला टक्स घेतात तसा मागच्या बाजूनं लांबट तुकडा कापून काढला आणि दोन्ही कडा शिवून टाकल्या. शिवण त्यांची नाही, माझी. अंगठ्याला भोकं पडली. चाचांनी उलटसुलट बघून म्हटलं, "बाई, मास्तरकी सोडा."

पोटरीला असे बसलेत, जसे तिच्याच मापाचे केलेले.

निशा म्हणाली, "कशाला केलंस गं?" मग आरशात बघितलं. मग म्हणाली, "लई भारी दिसतायत पण."

३ मार्च

घट्ट झालेत थोडे. सकाळी टाचेवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय सरकवायचा. संध्याकाळी ती पायरीवर बसते, मी समोर उकिडवी. मी ओढते, ती मागे रेलते, "आई, पाय ठेव माझा, बूट तेवढा ने!" फटकन निघतो आणि मी बूट पोटाशी धरून मागं आपटते. दोघी हसतो.

बावीस वर्षांची आहे. कितीतरी दिवसांनी तिचे पाय माझ्या हातात आले.

२९ मार्च

आज तिनं बसवलेल्या साच्यातून एकही माल वाया गेला नाही. उमरभाई म्हणाले, "ह्या पोरीला डोळा हाय."

धम्मपालना सांगितलं. "हं" म्हणाले.

२२ एप्रिल

काल दुपारी. काल लिहिता आलं नाही.

ओतकामाच्या वेळी लेडल – लोखंड ओतायची मोठी बादली – कलंडली. वितळलेलं लोखंड फरशीवर पसरलं आणि उडालं. बाकीचे उड्या मारून बाजूला झाले. निशाच्या उजव्या बुटावर मागून उडालं. दोरा जळाला. माझा दोरा. शिवण उकलली आणि आत गेलं.

आणि बूट निघेना. ती ओढत होती, दोन माणसं ओढत होती. शेवटी उमरभाईंनी सुरीनं कापला.

पोटरी आणि टाच. डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून लावायला लागेल.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये उमरभाई होते. त्यांच्या हाताला पट्टी. त्यांनी रागानं नाही, नुसतं सांगितलं – "वहिनी, ह्यो बूट ढिला असतोय, नाडी नसती, ते का? मेटल आत गेलं तर एका झटक्यात पायातनं फेकता यावा म्हणून. मागनं कुणी शिवला ह्यो?"

धम्मपाल शेजारी उभे होते. माझ्याकडे बघत होते.

मी बोलले नाही. एक शब्द नाही. पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळले. त्यांना वाटलं रडतेय.

२३ एप्रिल

रडत नव्हते.

३० एप्रिल

ड्रेसिंगच्या वेळी तिचा आवाज बाहेरपर्यंत येतो. आत गेले की म्हणते, "पंखा वाढव जरा." त्या शिवणीबद्दल अवाक्षर नाही. मी सुरू करायला गेले तर म्हणाली, "आई, झोपू दे."

धम्मपालही विचारत नाहीत. विचारलं असतं तर भांडले असते. भांडणात बोलून गेले असते.

११ मे

घरी आणली. कॉटवर पाय उशीवर. मीरासाबचाचा भेटायला आले. दारातूनच म्हणाले, "बाई, मला भट्टीचं सांगायचं न्हाय व्हय? मी म्हटलं असतं, हात लावू नगा." म्हातारा माणूस, डोळे पुसत होता. सरबतसुद्धा न घेता गेला.

२६ मे

कंपनीचं पत्र आलं. 'सुरक्षा साधनात अनधिकृत बदल केल्यामुळे सदर ट्रेनीस शॉपवर काम देता येणार नाही. ऑफिस विभागात जागा उपलब्ध आहे.'

धम्मपालनी दोनदा वाचलं. "पाय वाचला. खुर्ची पण मिळाली. आणि काय पायजे?"

निशा छताकडे बघत होती. कान तेवढे लाल झाले होते. लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे.

कंपनीला कळलं कसं? बूट तर कापून भंगारात गेला. तिथं शिवण पाहिली होती एकाच माणसानं – ज्यानं बूट कापला.

१ जून

उमरभाई आले. डझनभर हापूस घेऊन. "पोरगी कुठं हाय माझी?" असं दारातूनच. निशा त्यांच्याशी तासभर बोलली, साचे, वाळू, नवी भट्टी. हसलीसुद्धा. महिन्याभरात पहिल्यांदा.

मी पाणी दिलं. चहा विचारला नाही.

जाताना मला म्हणाले, "मी साहेबाला लई सांगितलं वहिनी. पर कागदावर आल्यावर माझं काय चालत न्हाय."

"कागदावर आणलं कुणी?" मी विचारलं.

काहीतरी म्हणणार होते. मग चपला घातल्या आणि गेले. आंबे तसेच पडलेत. मी नाही खाणार. माझ्या पोरीचं काम तोंडानं घालवायचं आणि वर आंबे आणायचे!

९ जून

निशा चालली. भिंतीला धरून, खोलीभर. पाय वाकडा पडतो. सोमवारपासून ऑफिसात हजर व्हायचं ठरलंय. तिनं कपाटातून साडी काढून ठेवली. ऑफिसात बायका साडी नेसतात म्हणे.

साडी! तिनं स्वतः. मी ती घडी परत कपाटात ठेवली. तिनं परत काढली.

१४ जून

ऑफिसला जायची म्हणून तिची फाइल नीट लावत होते. दवाखान्याचे कागद, एक्स-रे, कंपनीचं पत्र. त्याच्या मागं टाचलेली चौकशीतल्या जबाबाची प्रत. निशाचं अक्षर, निशाची सही.

'बूट मी स्वतः, माझ्या घरी, कोणालाही न विचारता मागून शिवून अरुंद केले. यात दुसऱ्या कोणाचाही हात नाही.'

तारीख २५ एप्रिल. भाजून चौथा दिवस.

निशाला साधं बटण लावता येत नाही. सुईत दोरा अजून मी ओवून देते.

सोमवारी पहिल्या बसनं तिच्याआधी मी शिरोलीला साहेबांकडे जाणार.