चतुराबाईची वहिवाट

जालना,
१७ ऑगस्ट

प्रिय वंदना,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतला माणूस म्हणाला, हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, ज्याला समोर उभं राहून बोलायची छाती नाही तो. तो हसला. मी काही गमतीनं बोलले नव्हते. तीर्थपुरीला पाऊस कसा आहे? इथं नुसती भुरभुर, आणि नळाला अजूनही आठव्या दिवशीच पाणी. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण हे पत्र तुला तुझ्या वडिलांना, तातेरावकाकांना, वाचून दाखवायचं आहे. मी तोंडाची फाटकी, असं तूच म्हणायचीस. पण एका गोष्टीसाठी तीन महिने हे तोंड शिवल्यासारखं बंद आहे. एकदम सांगायला गेले तर पुन्हा गिळून टाकीन, म्हणून हळूहळू सांगते.

काका तुझं सामान न्यायला आले तेव्हा त्यांना आपली जागा पाच मिनिटंच दिसली. त्यांना सांग, ते मुळात सरकीचं गोदाम. हरिओमशेठनं त्यात प्लायवूड ठोकून अकरा खोल्या पाडल्या, वर सिमेंटचे पत्रे टाकले आणि एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांना भाड्यानं दिल्या. कागदावर ते अजून गोदामच आहे, म्हणजे सरकारदरबारी आपण सगळे सरकीची पोती. चतुराबाई, आपली मावशी, त्या गोदामाच्या राखणदाराची बायको. नवरा मेल्यावरही ती मागच्या खोलीत राहिली. तिचं दार मागच्या मोकळ्या जागेत उघडायचं. शेठनं त्या जागेवरही खोल्या बांधल्या, तिच्या दारात विटा रचून ते बुजवून टाकलं, आणि तिच्या व आपल्या खोलीमधल्या भिंतीत एक दार पाडून दिलं. आठ दिवसांत म्हातारी कंटाळून जाईल, असं तो सांगायचा. म्हातारी चार वर्षं राहिली. नळावर, संडासला, दुकानात, कुठंही जायचं तर तुझ्या आणि माझ्या खाटेच्या मधून. दुसऱ्याच्या शेतातून आपल्या शेतात जायची जुनी वाट कोणाला अडवता येत नाही ना, तसंच तिचं होतं. "माझी वहिवाट हाय ही," म्हणायची. "तहसीलदार आला तरी मोडणार न्हाई." आपण कपडे बदलत असू, जेवत असू, तू पाळीच्या दुखण्यानं गडबडा लोळत असशील, तांब्या घेऊन मावशी चालली मधून.

शेठचा खरा डाव भाड्याचा होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यानं दोन्ही खोल्यांचं मिळून एकच भाडं लावलं आणि म्हणाला, तिघी आपसांत वाटून घ्या. म्हातारीला त्यानं काढायचं नाही, आपणच भांडून काढायचं. मी बरोबर सापडले त्यात. दर महिन्याच्या पाच तारखेला मी तिच्या दारात उभी राहून वाटा मागायची. ती म्हणायची, "मी ह्या भिंतीच्या आधीची हाय. भिंतीचं भाडं भिंत बांधणाऱ्याला माग." चिडून मी भांडी आपटायची. मग तू गुपचूप तिचा वाटाही भरून टाकायचीस आणि मला सांगायचीस की मावशीनं दिले. मला ते माहीत होतं. तुझ्या चांगुलपणाचाच मला राग यायचा, कारण त्यामुळे मी वाईट दिसायची.

आता इथली खबर. तू गेल्यावर मी काही दिवस खोलीत एकटी होते. जूनच्या एका रविवारी दुपारी, बाराच्या सुमाराला, खाटेवरून पाय खाली सोडून मोबाईल बघत बसले होते. मधल्या दारावरचा, तू जुन्या साडीचा शिवलेला पडदा आपल्या बाजूला फुगला. मग चपलांचा तो फरफर आवाज आला. मी सवयीनं पाय वर घेतले आणि म्हणाले, जा मावशी. आवाज बाहेरच्या दारापर्यंत गेला. मी पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. बऱ्याच वेळानं आठवलं की मावशीला जाऊन बावीस दिवस झालेत. त्या दिवशी मी जी उठले ती थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिले, आणि अंधार पडेपर्यंत भर रहदारीत रसवंतीच्या बाकड्यावर बसून काढलं.

मनाचे खेळ म्हणून मी सोडून दिलं असतं. पण पुढच्या आठवड्यात कामावरून आले तर फरशीवर ओली पावलं. मागच्या खोलीच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत एक रांग, परतीचं एकही पाऊल नाही. सहा दिवस नळाला पाणी नव्हतं, घरात एक कळशी होती आणि ती झाकलेली होती. मी वाकून पाहिलं. डाव्या पावलाला चारच बोटं. मावशीची करंगळी लहानपणी गाडीच्या चाकाखाली गेल्ती, हे तुला ठाऊक आहे, आपण तिला चिडवायचो त्यावरून. मी फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी कोणाला काय सांगणार? गावी सांगितलं असतं तर आईनं अंगारा धाडला असता. मी रोज पुसत राहिले. बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून किती उगवले ते मोजायचं माझं काम, त्यात माझी कधी चूक होत नाही असं साहेब म्हणायचे. जुलैमध्ये माझे दाणे दोनदा चुकले.

मग तुझ्या खाटेवर नवी मुलगी आली, अर्पिता. राजूरकडची आहे, बोलायला गोड, रात्रपाळीत असते, त्यामुळे दुपारी घरी. मी तिला मावशीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी खोलीत शिरले तर ती वाटेत ठेवलेली आपली बॅग खाटेखाली सरकवत होती. म्हटलं, राहू दे की. तर म्हणाली, "आजीला जायला वाट नको का?" कोणती आजी, असं मी विचारलं. "त्या मागल्या खोलीतल्या. हिरवं लुगडं, हातात तांब्या. रोज बाराला जातेत की. तुमच्या खाटेपाशी घडीभर थांबून राह्यतेत, तुम्ही नसल्या तरी. मंग जातेत. तुमच्याकडं कायतरी काम असंल त्यांचं." मागच्या खोलीला मे महिन्यापासून कुलूप आहे, हे मी तिला दाखवलं नाही. तिनंच दोन दिवसांनी पाहिलं. लगेच सामान भरलं. जाताना फक्त एवढंच म्हणाली, "ताई, तुमचं त्यांचं काय हाय ते मिटवून टाका जल्दी."

आता मे महिन्याचं लिहिते. अठरा तारखेला संध्याकाळी राजूरच्या त्या स्थळाचा व्हिडिओ कॉल होता. एकतिसाव्या वर्षी आलेलं स्थळ, मुलाची नोकरी पक्की. तू माझी वेणी घातलीस, मागे चादर बांधून खोली झाकलीस. कॉल चालू असताना मावशी मोरीची बादली घेऊन चादरीखालून आली, कॅमेऱ्यात तोंड घातलं आणि मोठ्यानं म्हणाली, "ह्याच का बाई नवऱ्याकडच्या? माझ्याकडून भाडं मागून राह्यली ही, हुंडा कुठून देणार?" तुला हसू आवरेना. मलाही हसायला आलं असं मी दाखवलं. रात्री त्यांचा निरोप आला की इतक्यात जमत नाही. तू झोपली होतीस. मी तुला उठवलं नाही.

दुसरा दिवस एकोणीस मे. त्रेचाळीसच्या वर ऊन. पत्र्याखाली मावशीची खोली, खिडकी नाही, पंखा नाही. ती पहाटे पाचला एकदा बाहेर जाऊन यायची, आणि मग थेट दुपारी बाराला, पाण्याला. मी सहाला पहिल्या पाळीला गेले, तू नऊला पॅकिंगला. बाराला आपली अख्खी चाळ कामावर, हाक ऐकायला कोणी नाही. संध्याकाळी सहाला तू आधी आलीस, पडदा सारलास, तर मधल्या दाराला आपल्या बाजूनं कडी. कडी काढलीस तर मावशी दाराला टेकून बसलेली, शेजारी रिकामा तांब्या. मी सातला पोचले तेव्हा तू एकच धरून बसली होतीस, "ताई, कडी लागली होती. मी लावली का ग? निघताना सवयीनं मीच लावली का?" मी तुला जवळ घेतलं आणि म्हणाले, घाईत होतं असं, वंदू. पोलिसांनी उष्माघात म्हणून आकस्मिक मृत्यू लिहिला. पण शेठनं सगळीकडे सांगितलं की पोरीनं म्हातारीला कोंडून मारलं, आणि तुला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. बुजवलेल्या दाराचं नाव कोणी काढलं नाही.

गेल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. महापालिकेकडे कोणीतरी तक्रार केली, त्यामुळे सोमवारी त्यांची माणसं टेप घेऊन गोदाम मोजायला येणार आहेत. शेठ एक लिहिलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. त्यात असं की मावशीचं मागचं दार तिच्या मरणापर्यंत उघडं होतं, ते नंतर बुजवलं, आणि मधल्या दाराला कडी तू मस्करीनं लावलीस. मी सही केली तर बाकी सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या तरी मला राहू देणार, भाडंही निम्मं. कागद माझ्याजवळ ठेवून गेला. त्याच दिवशी तुझ्या भावाचा, सुमितचा मेसेज आला. लिहिलं होतं, "ताई, दीदी घरातलं एक दार लावू देत न्हाई. रात्रभर उठून पाहते. पाऊस आत येतो, कुत्री आत येतात. बाबांनी कड्याच काढून टाकल्या सगळ्या. जेवत न्हाई बराबर. तुम्ही बोला तिच्याशी, तुमचं ऐकते ती." तो मेसेज मी किती वेळा वाचला असेल सांगता येत नाही.

वंदना, कडी मी लावली. पहाटे मावशी बाहेरून येऊन आत गेली तेव्हा मी उठले, हळूच कडी सरकवली आणि वरून पडदा नीट केला, तुला दिसू नये म्हणून. तू नऊला निघालीस तेव्हा ती लागलेलीच होती. तू तिला हातही लावला नाहीस. मनात एवढंच होतं की बाराला बाहेर यायला निघेल, तीनला मी येऊन उघडीन, तीन तास अडकू दे म्हातारीला, कळू दे. अडीचला साहेबांनी ओव्हरटाइमचं विचारलं आणि मी हो म्हणाले. हो म्हणताना मला कडी आठवत होती. अजून थोडं, असं वाटलं. हे मी स्वतःशीसुद्धा आज पहिल्यांदा कबूल करते आहे. आणखी एक, तुला टोचेल तरी लिहिते. तुझ्यावर आळ इतक्या पटकन बसला तो काही तू शेवटी बाहेर पडलीस एवढ्यामुळेच नाही. तुझं आडनाव ऐकून शेठनं खोली द्यायलाच खळखळ केली होती. मी शेतकऱ्याच्या घरची, जयभीम म्हणणारी तू, त्यामुळे माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी त्याच्याआड लपले. शेठचा कागद मी फाडला आहे. उद्या पोलीस ठाण्यात विटांचं आणि कडीचं दोन्ही लिहून देणार, सोमवारी तेच महापालिकेच्या माणसांसमोर सांगणार. पुढं माझं काय व्हायचं ते होईल. तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही. हे काकांसाठी आहे. टेम्पोत तुझं सामान चढवून झाल्यावर, तू पुढं जाऊन बसलीस तेव्हा, ते परत खोलीत आले होते. तुला त्यांनी सांगितलं नसणार. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "पोरीकडून चुकी झाली, बाई. लेकरू हाय, पोटात घाला." आणि मी त्यांचे हात खाली केले, आणि त्यांना माफ केलं.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरलेला नाही, तरी तुझीच,
दैवशाला