खारवलेल्या जवळ्याने आमच्या ह्यांना निवडून आणलं

चोलपो, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

आदरणीय ओक-री ताईस,

धाकट्या ओक-सुनचा कंबरेतून वाकून नमस्कार. (तुझ्या कंबरेची चौकशी त्यातच आली.) दाजींचा खोकला कसा आहे? तोच, जो सिगारेट सोडल्यामुळे सुरू झाला असं ते सगळ्यांना सांगतात. आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे. हे प्रांत परिषदेचे सदस्य आहेत.

तू फोनवर विचारलंस की बत्तीस वर्षं विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकवलेला माणूस राजकारणात शिरला कसा. निवृत्तीनंतर आम्ही ह्यांच्या गावी राहायला आलो, हे तुला ठाऊक आहेच. ह्यांचं सगळं आयुष्य ‘मीठ कमी खा’ या एका विषयात गेलेलं आणि चोलपो गाव जगतं खारवलेल्या जवळ्यावर, हे मी सामान बांधतानाच लक्षात आणून दिलं होतं. (ऐकतंय कोण!) आल्या आल्या ह्यांनी बाजारात खुर्ची टाकून लोकांचं ब्लडप्रेशर मोजायला सुरुवात केली. तिथे कळलं की गावच्या आरोग्य केंद्रात दीड वर्ष डॉक्टरच नाही आणि म्हाताऱ्या बायका दोन बस बदलत, दीड तास हाडं खिळखिळी करून घेत मोठ्या गावाला जातात. ह्यांनी प्रांताला अकरा पत्रं लिहिली, प्रत्येकाला तळटिपा. एकालाही उत्तर आलं नाही. बारावं लिहायला बसले आणि पेन खाली ठेवून म्हणाले, “मीच जातो तिथे.”

अपक्ष म्हणून उभे राहिले. मतपत्रिकेवर आकडा मिळाला चार. (‘चार’ म्हटलं की ‘मरण’च ऐकू येतं, आणि आरोग्याच्या उमेदवाराला नेमका तोच आकडा! शेजारणी येऊन माझं सांत्वन करून गेल्या.) समोर मा देओक-गू साहेब, तीनदा निवडून आलेले, जवळ्याचे सगळ्यात मोठे व्यापारी. ते पूल बांधीन म्हणायचे, धक्का बांधीन म्हणायचे. आमचे हे गाडीवर उभे राहून म्हणायचे, “डॉक्टर आणण्याचा मी प्रयत्न करीन, मात्र यश येईलच असं उपलब्ध पुराव्यांवरून म्हणता येत नाही.” खाली पिवळी जाकिटं घालून नाचायला आलेल्या आमच्या प्रचाराच्या बायका, गाणं कधी लावताय म्हणून ताटकळलेल्या. हात मिळवता मिळवता हे मतदाराची नाडी बघायचे. एकाला म्हणाले, “तुमचं पोट सुटलंय,” तर तो निघाला मच्छीमार संघाचा अध्यक्ष. आणि जवळा विकणाऱ्या बोंग-रे आजींनी (वय ब्याऐंशी, ह्यांना कडेवर खेळवलेलं, त्यामुळे भीडभाड नाही) भर बाजारात विचारलं, “काय रे सांग-ह्योन, खारं खाऊ नका म्हणतोस, मग मी विकू काय? तुझी पत्रकं?”

मतदानाला चार दिवस उरले होते. हे सकाळपासून उन्हात गाडीवर. आमच्या घरात मीठ पडतं ते नावापुरतं. (माझं सूप तू चाखलं आहेस, आणि माझी पाठ वळल्यावर ओतलंही आहेस.) “पुरावे असं सांगतात की,” इथवर बोलले आणि धाडकन कोसळले. ताई, आता लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा मी चपला तिथेच टाकून धावले. बाजारात एकच ओरडा, “डॉक्टर बोलवा! डॉक्टर!” आणि मग सगळ्यांना एकाच वेळी आठवलं. अँब्युलन्सला पन्नास मिनिटं लागणार होती. बोंग-रे आजींनी गर्दी हटवली, ह्यांचे पाय मासळीच्या खोक्यावर चढवले आणि डोळे उघडताच जवळ्याचं खारं पाणी सुपात कालवून तोंडाला लावलं. “गीळ मुकाट्याने. मेलास तर मत कुणाला देऊ?” हे प्यायले. वर विचारलं, “अजून आहे का?”

एकोणीस मतांनी निवडून आले.

परिषदेत आरोग्य समिती मागितली, मिळाली मत्स्य समिती. पहिल्या भाषणात सत्तावन्नपैकी सहाव्या स्लाइडला सभापतींनी माइक बंद केला. (हे अकराव्या स्लाइडपर्यंत तसेच बोलत राहिले.) डॉक्टरचा विषय कुणी हातात धरेना. शेवटी किनाऱ्याकडचे सदस्य म्हणाले, प्रोफेसर, तुम्ही आमच्या जवळा महोत्सवासाठी हात वर करा, आम्ही तुमच्या डॉक्टरसाठी करतो. त्या दिवशी हे घरी आले आणि बूट न काढता दारातच बसून राहिले.

“ओक-सुन, बत्तीस वर्षं मी पोरांना काय शिकवलं?”

मी म्हटलं, “म्हाताऱ्यांना बसने किती वेळ लागतो?”

“दीड तास.”

“मग करा हात वर.”

केला. महोत्सवात मा साहेबांनी भरवलेला चमचाभर जवळाही खाल्ला. पेपरातला फोटो सोबत पाठवते. त्यात डोळे मिटलेत ते पश्चात्तापाने, असं ह्यांचं म्हणणं. मी शेजारीच उभी होते. ते चवीने मिटले होते.

सप्टेंबरपासून केंद्रात डॉक्टर आहे. पहिल्याच दिवशी रांगेत सगळ्यांच्या पुढे बोंग-रे आजी. जन्मभर तिन्ही त्रिकाळ जवळा खाल्लेल्या त्या बाईचं ब्लडप्रेशर निघालं एकशे अठरा. ह्यांनी यंत्र बदलून तीनदा मोजायला लावलं.

कंबर शेकत जा. दाजींना माझा नमस्कार आणि ह्यांच्याकडून एक पत्रक.

तुझी,
ओक-सुन

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. डॉक्टर एकोणतीस वर्षांचा आहे, अविवाहित, दिसायला बरा. पण गावात त्याच्या वयाचं कुणीच नाही. धक्क्यावर बसून बदलीचा अर्ज लिहीत असतो, असं पोस्टातल्या बाई सांगत होत्या. तुझ्या लेकीला, युन-बीला, आठवडाभर माझ्याकडे पाठव. समुद्राची हवा चांगली असते एवढंच सांग, डॉक्टरचं नाव काढू नकोस. आणि तो निळा कोट घालून येऊ दे.

आणखी एक ता. क. परवा सार्वजनिक न्हाणीघरात मा वहिनी माझी पाठ घासता घासता कानाशी म्हणाल्या, “कुणाला सांगू नका हं, मी तुमच्या ह्यांना मत दिलं. आमचे हे बारा वर्षांत एकदा तरी घरी जेवायला बसावेत, एवढीच इच्छा होती.” मी आभार मानले आणि त्यांची पाठ जरा जास्तच मन लावून घासून दिली. अगदी त्याच इच्छेपायी माझं मत कुणाला गेलं, ते तू आमच्या ह्यांना कधी कळू देऊ नकोस.