काचेच्या पेटीतली माती

सुरेन भावजींना, अमेरिकेला,

काल नारेनं, माझ्या नातीनं, फोनवर तुमची सभा दाखवली. मी इतकी हसले की कवळीच निसटली. काचेच्या पेटीत आमच्या आर्त्साखची, सोडून आलेल्या मुलखाची माती, अन् माणसं रांगेनं पेटीचे मुके घेतायत! तुम्ही आपले ओरडताय, "एक वीतही सोडणार नाही!" तीस वर्षं तिकडूनच ओरडलात. तुमचा भाऊ आर्त्साखातच, खंदकात लढताना गेला. अझरबैजानचं सैन्य आलं, आम्ही ट्रॅक्टरवर बसून पळालो, तेव्हा तुमचा फोन आला, "वहिनी, थोडी माती आणा." पोटात काही आहे का, हे नाही विचारलंत.

मग पाठवली की! इथल्या घरमालकाच्या खुराड्यातली. घ्या मुके, कोंबड्यांना आनंदच आहे.

खरी माती, तुमच्या भावाच्या थडग्यावरची, माझ्याकडं तुपाच्या डब्यात आहे. तिच्यात कोथिंबीर पेरली होती, ती आज भाकरीत भरण्याएवढी झाली. नारे म्हणाली, "आजी, खुडू?" म्हटलं, "खुड गं, आजोबांची आहे."

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही डबा मागाल.

तुमच्या भावाची बायको,
वार्सेनिक